एक सिलिंडर रुसतो तेव्हा

चार भोयांच्या पालखीतील एक भोई लंगडू लागला, तर पालखी लगेच खाली येत नाही. परंतु आतल्या माणसाला पावलोपावली हिसके बसतात आणि उरलेल्या तिघांचे खांदे भरून येतात. मोटारीच्या इंजिनातील एक सिलिंडर पेटेनासा झाला म्हणजे असेच घडते. गाडी उभी असता थरथरते, चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून तुटक फटफट ऐकू येते आणि पेट्रोल मात्र अधिक लागते. आपले मिस्त्री एवढेच म्हणतात, 'गाडी मिसिंग मारते.'

या दुखण्याचा एक अनुभव माझ्या पदरी आहे. पावसाळ्यात बडोद्याच्या रस्त्यांवरील चिखल इंजिनापर्यंत उडाला होता, म्हणून एका रविवारी मी ते नळीच्या पाण्याने स्वच्छ धुऊन घेतले. दुसऱ्या दिवशी आईला तपासणीसाठी दवाखान्यात नेत असता फतेहगंजात गाडी आचके देऊ लागली आणि शेवटी बंद पडली. आईला भर पावसात रिक्षात बसवावे लागले. पुढे एका कारखान्यात चारही प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले आणि मग पेट्रोलचा पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. दोष होता तिथेच राहिला. अखेरीस एका वृद्ध मिस्त्रीने हत्याराला हात लावण्यापूर्वी विचारले, "बिघाड होण्याआधी गाडीचे काय केले होते?" मी धुण्याची हकीकत सांगितली. त्याने एकेक कॉइल उपसून पाहिली. तिसऱ्या प्लगच्या खोबणीत पाणी साचले होते आणि कॉइलच्या रबरी टोपणाला बारीक चीर गेली होती. नव्या प्लगवरही ठिणगी त्या ओलाव्यातून बाहेरच्या बाहेर पळत होती. पाणी काढून खोबण वाळवली, टोपण बदलले आणि गाडी शांतपणे चालू लागली. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. निदानाला आठवडा लागला होता.

तेव्हा निदान कसे करावे, ते पाहू. सिलिंडर पेटण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि ते मिश्रण दाबून धरणारा दाब. चार सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटावयास हवा. तिघांपैकी एक गोष्ट उणी पडली की ही पाळी चुकते.

प्रथम आजारी सिलिंडर कोणता, हे ठरवावे. अँबॅसॅडर किंवा पद्मिनीच्या काळी मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहत. निरोगी सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळे. आजारी सिलिंडरची काढल्याने काहीच फरक पडत नसे. आजच्या गाड्यांत ही युक्ती करू नये. ठिणगीचा दाब हजारो व्होल्टांचा असतो आणि तिच्या संगणकालाही इजा पोहोचू शकते. त्याऐवजी डॅशबोर्डखालच्या सॉकेटला तपासणी-यंत्र जोडावे. 'पी ०३०३' असा संकेत आला तर तिसरा सिलिंडर चुकतो आहे; 'पी ०३००' आला तर दोष एका ठिकाणी स्थिर नाही. लक्षात ठेवावे की हा संकेत जागा सांगतो, कारण सांगत नाही.

कारण शोधण्याची रीत अदलाबदलीची. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवावी. संकेत पुसून गाडी चालवावी. दोष दुसऱ्यावर गेला, तर कॉइल वाईट. तिसऱ्यावरच राहिला, तर याच रीतीने प्लग तपासावा. मात्र एका वेळी एकच वस्तू हलवावी. दोन हलविल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

प्लगचे टोकही पुष्कळ बोलते. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक येते आहे. तेलकट काळेपणा असेल, तर इंजिनातले तेल वर चढते आहे. पांढरेफटक व पोळलेले टोक अति उष्णतेची खूण. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचले पण पेटले नाही. नवा प्लग बसविताना आटे प्रथम हातानेच धरवावेत. अॅल्युमिनियमचे हेड जबरदस्ती सोसत नाही.

ठिणगी ठीक निघाली, तर इंजेक्टर आणि हवा ओढणाऱ्या रबरी नळ्यांतील चिरा पाहाव्यात. तेथेही दोष नसेल, तर दाब मोजावा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा फार उणा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट संशयित. येथून पुढे मात्र काम कुशल हातांचे आहे.

दोन इशारे देतो. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी हळूच बाजूला घेऊन थांबवावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळवू शकते. मग किरकोळ कॉइलपायी फार महागाचा भाग गमवावा लागतो. दुसरा इशारा पुराचा. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी आपल्या वस्त्यांत शिरले. अशा पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल, तर एका फिरकीत पिस्टनचा दांडा वाकतो.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली या नगरीत कलाभवन स्थापिले, ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. ती जोड गाडीच्या मालकासही उपयोगी आहे. मिस्त्रीने एखादा भाग बदलावयास सांगितला, तर नम्रपणे विचारावे, "हाच भाग बिघडला, हे आपण कशावरून ठरविलेत?" जाणत्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. माझ्या त्या वृद्ध मिस्त्रीने तर उत्तरादाखल चिरलेले टोपण माझ्या हातावरच ठेवले होते.