‘क’ कोळशाचा

आमच्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरे गिरवून घेताना मी विचारले, “क कशाचा?” पुस्तकात कमळाचे चित्र होते. पुढच्या रांगेतली कातकरी मुलगी म्हणाली, “कोळशाचा.” पोरे हसली. तिचे काही चुकले नव्हते. कमळ तिने चित्रातच पाहिलेले, आणि कोळशाच्या भट्टीवर आईबापांबरोबर तिचे दोन हिवाळे गेलेले. म्हणून या अंकात या एका शब्दाविषयीच लिहितो.

मराठीत कोळसा म्हणजे दोन निराळ्या वस्तू. एक दगडी कोळसा. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून तो जमिनीत तयार झाला. आपल्या राज्यात त्याच्या खाणी चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या भागांत आहेत. रायगडातला काळा कातळ ज्वालामुखीच्या रसाचा, त्यात हा कोळसा मिळत नाही. तरी बोरघाटातून 1863 साली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून कित्येक वर्षे कर्जतवरून जाणारी इंजिने दगडी कोळशावरच धावली. पुढे 1915 साली खोपोलीच्या आणि 1922 साली भिवपुरीच्या वीजघरातून, घाटमाथ्याचे पाणी खाली सोडून, मुंबईला वीज जाऊ लागली. कोळसा न जाळता तयार होणारी वीज आपल्या दोन्ही तालुक्यांत शंभर वर्षांपूर्वीच आली.

दुसरा लाकडी कोळसा. वाडीवर नुसते ‘कोळसा’ म्हटले की हाच समजावा. लाकूड उघड्यावर जाळले तर राख होते, हवा कोंडून जाळले तर कोळसा होतो. लाकडाचे तुकडे रचून ढीग करतात, त्यावर पालापाचोळा आणि माती लिंपतात, हवेला थोडी भोके ठेवून आत विस्तव घालतात. भट्टी कित्येक दिवस धुमसते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर पातळ आणि निळसर झाला की आतले लाकूड जळत आले असे समजायचे. मग भोके बुजवून भट्टी निवू द्यायची. मध्येच माती खचली आणि हवा शिरली, तर सगळ्या कष्टाची राख होते. म्हणून कोळसा पाडणाऱ्याला रात्रीही भट्टीजवळच झोपावे लागते. एवढे करून मातीच्या भट्टीत चार-पाच किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा निघतो.

हा कोळसा वजनाला हलका, जळताना धूर कमी आणि आच जास्त. लोहाराचा भाता, सोनाराची शेगडी, परटाची इस्त्री, धाब्याची तंदूर भट्टी यांना तो लागतो. पावसाळ्यात घाटाच्या रस्त्यावर भाजलेले कणीस मिळते, तेही त्याच्यावरच. बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी पेटते. इथे एक सूचना महत्त्वाची. पेटलेली शेगडी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवून कोणी झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. थंडीच्या दिवसांत हे घरोघर सांगावे.

बोलण्यातही कोळसा आहेच. भाकरी करपली की “कोळसा झाला”, आणि एखाद्याचे जुने दोष काढत बसले की “कोळसा उगाळावा तितका काळाच”. ही म्हण कातकऱ्यांना उद्देशून वापरलेली मी ऐकली आहे. तेव्हा वाईट वाटते, कारण कोळसा हा त्यांचा मूळचा धंदा नव्हे. ते खैराच्या लाकडापासून काथ काढीत. त्यावरूनच त्यांचे नाव पडले असे सांगतात. जंगलावर सरकारी बंधने आली आणि पुष्कळ कुटुंबे कोळसा पाडण्याकडे व वीटभट्टीकडे वळली. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपजांची जी यादी आहे, तिच्यात काथ आणि कोळसा दोन्हींची नावे आहेत.

आज वाडीवर पावसाळ्यातच मुकादम येतो. घरात तेव्हा दाणा नसतो, म्हणून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते, ते उन्हाळा संपताना परतते. त्या मुलीचे वडील गेल्या वर्षी परतले तेव्हा अंगावर अजून बाकी निघत होती. ती कशी निघाली हे घरात कोणाला सांगता येईना. किती गोण्या भरल्या, गोणीमागे दर काय, हे मालकाच्या वहीत होते, आणि ती वही घरात कोणाला वाचता येत नव्हती.

उचल घेतली म्हणून माणूस विकला जात नाही. 1976 च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरते, आणि त्यासाठी कोणाला राबवणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भट्टी सोडून जाऊ देत नाहीत, मारहाण होते किंवा किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळते, अशी वेळ आल्यास तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करावी. मुलांपुरता प्रश्न असेल तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी, म्हणजे आईबाप गेले तरी मूल गावी राहून शिकू शकते.

यंदा दिवाळीआधी आम्ही वाडीवरच्या प्रत्येक घराला एक छोटी वही देत आहोत. तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या: उचल किती घेतली, गोणीचा दर किती ठरला, आणि रोज किती गोण्या भरल्या. त्या मुलीने आपल्या घरच्या वहीवर पहिला शब्द स्वतः लिहिला: कोळसा. ‘ळ’ जरा वाकडा आला आहे. पण खालचे आकडे तिला वाचता येतात, आणि यंदा घरचा हिशेब तीच ठेवणार आहे. ती भट्टीवर न जाता वसतिगृहात राहावी म्हणून तिच्या आईशी आमचे बोलणे चालू आहे. तसे झाले तर वही कोणी लिहायची, हा आईचा प्रश्न आहे. म्हणून या आठवड्यापासून संध्याकाळच्या वर्गाला आईही येऊन बसते.