मृगाच्या तोंडावर

पुण्याच्या नाना पेठेत सकाळचे साडेदहा वाजलेत आणि पायाखालचं डांबर आत्ताच तापलंय. जूनचा पहिला आठवडा आहे. वर ढग आहेत, पण वारा पडलाय. शर्ट पाठीला चिकटतोय. गल्लीच्या दोन्ही बाजूंना स्पेअर पार्टची दुकानं. शटरपाशी लोंबणाऱ्या क्लच केबल, आरशांच्या माळा, सायलेन्सरच्या नळ्या, सीटकव्हरांचे गठ्ठे. एक जण हातगाडीवरून बॅटऱ्या नेतोय. "बाजू, बाजू," एवढंच ओरडतोय. ग्रीस, नवं रबर आणि उकळता चहा यांचा मिळून एक वास येतोय.

महिन्याभरापूर्वी इथे काचेला लावायच्या जाळ्या पुढे मांडलेल्या होत्या. आता त्या आत गेल्यात. पुढे आल्यात लांबट, चपट्या पेट्या. वायपर. मृग दोन-चार दिवसांवर आलाय आणि सगळ्या शहराला एकदमच आठवण झालीय.

माझी गाडी गल्लीच्या टोकाला, पिंपळापाशी उभी आहे. तिथे एक मिस्त्री बसतात. रांगेत माझा नंबर सहावा. तोवर दुकानातून पाती घेऊन या, असं त्यांनीच सांगितलंय. "पण आपलं माप बघून आणा," हेही.

दुकानाच्या काउंटरवर तीन ओळी उभ्या आहेत. पंखा फिरतोय, पण त्याचा वारा फक्त शेठपर्यंत पोचतो. कुणी जुनं पातं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलंय. कुणी फोनवर गाडीचा फोटो दाखवतोय. पोऱ्या शिडीवर चढलाय आणि खालून आरोळ्या येतायत.

"चोवीस-सोळा!"

"हुकवाला का पिनवाला?"

"एकवीस-अठरा, साधी फ्रेम!"

आकडे इंचांचे. मोठा आकडा ड्रायव्हरच्या बाजूचा, छोटा शेजारच्या सीटपुढचा. चोवीसच्या जागी सव्वीस बसवलं की दोन पाती मधोमध एकमेकांना थडकतात किंवा टोक काचेच्या कडेवर चढतं. बावीस बसवलं तर नेमका डोळ्यांपुढचा कोपरा ओला राहतो. शेठ एकेकाला हे शांतपणे सांगतायत. साध्या फ्रेमची जोडी तीन-चारशेला आहे. बिनफ्रेमची, आतून पोलादी पट्टी असलेली, वाकदार जोडी सात-आठशेपासून पुढे. नुसतं रबर हवं असेल तर तेही मिळतं, लांब फितीसारखं. मापानं कापून जुन्या फ्रेममध्ये सरकवायचं.

माझ्यापुढे एक बाई उभ्या आहेत. हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम.

"दादा, मागच्याच महिन्यात जोडी नेली. तरी कुरकुर करतायत. उड्या मारतायत काचेवर."

शेठ जोडी हातात घेतात. रबराच्या धारेवरून अंगठा फिरवतात. एकदा, मग उलट.

"रबर चांगलंय, ताई. काच कशानं पुसता?"

"गाडी धुवायला येतो तो पुसतो. चमकायला काहीतरी लावतो."

"मग तेच. दुसरी जोडी नका घेऊ. पिंपळाखाली जा, मिस्त्रींना दाखवा."

दुकानभर गिऱ्हाइकं उभी असताना हा माणूस एक विक्री सोडतोय. मला ते फार आवडतं. मी त्याच्याचकडून चोवीस-सोळा घेतो.

पेटी उघडून पातं बघत मी चालतो. काळं, मऊ रबर. जी धार काचेला लागते ती एक मिलिमीटरही जाड नाही. तिच्यावर एक बारीक मान आहे आणि सगळी करामत त्या मानेत आहे. पातं डावीकडे निघालं की मान लवते, धार मागे पडते आणि ओढली जाते. उजवीकडे परतताना मान पलटते, धार पुन्हा मागे. झाडूचे केस हाताच्या मागून येतात तसं. ही मान उन्हानं ताठ झाली की ती पलटायला कुचराई करते. धार मग ओढली न जाता पुढे खुपसली जाते. काचेला अडते, दाब साचतो, सुटते, पुन्हा अडते. आपल्याला ऐकू येते ती थडथड.

पिंपळाखाली सावली आहे, पण गारवा नाही. मिस्त्रींचं सामान थोडकं. एक स्टूल, पाण्याची बादली, मग, स्पिरिटची बाटली, पांढऱ्या फडक्यांची चळत, दोन पकडी, पाने. शेजारच्या दुकानातून एक रबरी नळी आलीय. मिस्त्री साठीचे असावेत. गाडी पुढे आली की ते बॉनेट उघडत नाहीत की पात्याला हात लावत नाहीत.

"पाणी मार. चालू कर."

मदतीला असलेला मुलगा काचेवर पाणी सोडतो. वायपर निघतात. मिस्त्री डोळे मिटून घेतात आणि मान थोडी वाकडी करून ऐकतात.

कुर्रर्र. टक-टक-टक. कुर्रर्र. टक-टक-टक.

"जाताना गप्प आहे. येताना थडथडतंय," ते म्हणतात. "रबराचं नाही हे. दांडा पिळलाय."

ही गाडी पांढरी टुरिस्ट टॅक्सी आहे. चालक तिशीतला. महाबळेश्वरची भाडी करतो. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या वर. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं की वायपर बंद करायची सोय नसते, असं तो सांगतो. मी त्याच्या वायपरच्या फेऱ्या घड्याळावर मोजतो. मिनिटाला पंचेचाळीस. म्हणजे तासाला २,७००. पावसातला तीन तासांचा प्रवास धरला तर आठ हजारांच्या पुढे, आणि प्रत्येक फेरीत ती मान दोनदा पलटते.

"आमच्या मामांच्या वेळी वायपर बंद पडला की तंबाखू ओली करून काचेवर घासायचे," टॅक्सीवाला म्हणतो. "पाण्याचे थेंब राहत नाहीत, पापुद्र्यासारखं पसरून जातं. तसेच घाट उतरायचे."

मिस्त्री किल्ली फिरवून वायपर मधेच थांबवतात. पातं आता काचेच्या बरोबर मध्यावर उभं आहे. ते पातं काढतात, पण त्याआधी जाड टॉवेलची घडी काचेवर ठेवतात. नुसता दांडा हातातून सुटला तर स्प्रिंग त्याला काचेवर आपटते. समोरची काच दोन थरांची असते, मधे पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे ती खळकन पडत नाही, पण तडा जातो आणि तडा गेलेली काच बदलावीच लागते. रबर बदलायला निघालेल्या माणसाला काच घेऊन जावं लागलेलं त्यांनी पाहिलंय. म्हणून टॉवेल. मुलगा विसरला तर ते हातचं काम सोडून थांबतात.

आता ते काचेच्या पातळीला डोळा लावतात. दांड्याचं टोक काचेला समांतर हवं, म्हणजे पातं काचेवर सरळ, काटकोनात उभं राहतं. हे टोक एका बाजूला कललंय. गाडी धुताना कुणीतरी दांडा आडवा ओढला असणार. दोन पकडी, मधे फडकं, आणि मनगटाला अगदी जरासा पीळ. बघणाऱ्याला काही हललेलं दिसतही नाही. मग दांड्याच्या मुळाशी असलेली प्लॅस्टिकची टोपी उचकटून खालचा नट तपासतात. घट्ट आहे.

पातं पुन्हा बसतं. टक्‌ असा एक आवाज, हूक अडकल्याचा.

"पाणी."

सूंऽऽ. सूंऽऽ. एवढंच. टॅक्सीवाला काही बोलत नाही. काचेतून नुसता समोर बघत राहतो.

हे त्याचं बघणं मला कळतं. गेल्या जुलैत ताम्हिणी घाटात संध्याकाळी माझ्या काचेवर नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर एक हातभर लांब पट्टा ओला राहत होता. पातं तिथे आलं की उडी मारायचं. समोरून ट्रक आला की त्याचे दिवे त्या पट्ट्यात फुटून दहा व्हायचे. रस्ता कुठे आणि दरी कुठे हे कळेना. शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त दाराची मूठ धरून बसली. मी पुढच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि पाऊस ओसरेपर्यंत आम्ही दीड तास तिथेच बसलो. त्यानंतर या आवाजाकडे मी कधीच कानाडोळा केलेला नाही.

रांग पुढे सरकते. आता त्या बाईंची गाडी. मिस्त्री डोळे मिटतात. इथे आवाज दोन्हीकडून येतोय, जाताना आणि येतानाही, आणि पाणी काचेवर पसरत नाही. थेंब थेंब उभे राहतायत.

"तेलकट आहे, ताई. हे बघा."

पांढरं फडकं, त्यावर स्पिरिट. वरून खाली, एकाच दिशेनं. फडकं पहिल्या हातालाच तपकिरी होतं, दुसऱ्याला काळं. पॉलिशचं मेण, डिझेलच्या धुराची काजळी, झाडाचा चीक, रस्त्यावरचं तेल. तीन फडकी जातात. चौथं पांढरं राहतं. मग रबराची धारही त्याच फडक्याच्या चिमटीत धरून लांबीभर पुसतात. त्यावरही काळी रेघ उठते. काच साबणाच्या पाण्यानं धुऊन घेतात आणि नळी सोडतात. पाणी आता थेंबांत तुटत नाही. सपाट चादरीसारखं खाली येतं.

"पॉलिश सगळ्या गाडीला लावा. काचेला नाही," मिस्त्री सांगतात. "आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका. धूळ रबराला खाते."

मागच्या जुन्या गाडीतले निवृत्त काका रांगेतून विचारतात, उन्हाळाभर वायपर उभे करून ठेवलेले चांगले ना? टॅक्सीवाला म्हणतो, हो, रबर भाजत नाही. दुसरा कुणी म्हणतो, स्प्रिंग सैल पडते. काका म्हणतात, मग झाडाखाली लावतो गाडी. मिस्त्री पिंपळाकडे बोट दाखवतात. खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर पाखरांनी टाकलेली फळं चिरडून चिकटलीत. "रोज सकाळी ओल्या फडक्यानं रबर पुसा, काका. दुसरं काही नको."

काकांच्या गाडीचा दांडा खरोखरच ढिला आहे. मिस्त्री तो दोन बोटांनी उचलतात आणि सोडतात. तो काचेवर हळूच टेकतो, आपटत नाही. काचेवर दाबच नाही. हा दाब पहिल्यापासूनची गोष्ट आहे. अमेरिकेत अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी १९०३ साली काच पुसायच्या साधनाचं पेटंट घेतलं. ते आत बसून दांडीनं हातानं फिरवायचं होतं, आणि पातं काचेला धरून राहावं याची सोय त्यातही करून ठेवलेली होती. सव्वाशे वर्षं होत आली. मोटार आली, वेग आले, तरी पिंपळाखाली दोन बोटांनी तपासलं जातंय ते हेच. काकांना नवा दांडा सांगितला जातो. ते चिठ्ठी घेऊन दुकानाकडे निघतात, ऊन टाळत, शटरांच्या सावलीतून.

माझा नंबर येतो. पाणी. किल्ली. मी आत बसलोय, मिस्त्री बाहेर डोळे मिटून. दोन्हीकडून कर्कर. ते रबर चिमटीत धरून वाकवतात. धारेला बारीक चिरा पडल्यात आणि मान एकाच बाजूला लवून तशीच राहिलीय. उन्हात महिनोन्‌महिने एका जागी दाबून राहिल्याचा बाक. याला औषध नाही. आधी काच स्वच्छ होते, फडकी काळी होतात, मगच नवी पाती पेटीतून निघतात. फवाऱ्याच्या एका भोकातून पाणी येत नाहीये. मुलगा टाचणी घालतो, घाण निघते आणि पाण्याची बारीक धार थेट त्याच्या तोंडावर येते. तो हसत चेहरा पुसतो.

"चालू करा."

काच एका झटक्यात रिकामी होते. पिंपळ, नळी, स्टूल, हातगाडीवाला, सगळं कडा धरून दिसतंय. आवाज नाही. मी उगाचच आणखी दहा-बारा फेऱ्या होऊ देतो.

पैसे देऊन मी गाडी बाजूला घेतो आणि खाली उतरतो. माझ्या मागची गाडी पुढे सरकते. मुलगा पाणी सोडतो. मिस्त्री डोळे मिटतात. मीही मिटतो.

सूंऽऽ. टक-टक-टक. सूंऽऽ. टक-टक-टक.

"फक्त येताना," मी म्हणतो.

मिस्त्री डोळे न उघडताच मान हलवतात आणि टॉवेलसाठी हात पुढे करतात.