बन्याला मोठं कशाला केलंत?

दूरदर्शनवरच्या 'फास्टर फेणे' मालिकेला चाळीस वर्षं होत आली. ती बघणारी आमची पिढी पन्नाशीला टेकली. परवा भाचीच्या हातात मी फास्टर फेणेच्या पुस्तकांचा संच ठेवला, तर तिने विचारलं, "मामा, ही त्या सिनेमावरून काढलीत का?" तिच्या लेखी फेणे म्हणजे २०१७च्या सिनेमातला अमेय वाघ. ते मनाला फार लागलं.

लेखक भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) बनेश ऊर्फ बन्या फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला, सायकलवरून सुसाट सुटला आणि पुढे देशभर हिंडला. साठ-सत्तरच्या दशकांतला त्याचा प्रवास जाणकारांनी सांगावा. मला बोलायचंय ते ऐंशीच्या दशकाबद्दल, कारण ते मी अंगावर घेतलं आहे.

आमच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचं कपाट फक्त रविवारी उघडायचं. 'चक्रीवादळात फास्टर फेणे'साठी नंबर लावावा लागे. प्रत हातात येई तेव्हा तिला खाकी कव्हर, पाठीला डिंकाचे थर आणि शेवटचं पान गायब. मग आधी ज्याने वाचलंय त्याला गाठून शेवट वदवून घ्यायचा. तो हमखास चार गोष्टी पदरच्या घालून सांगायचा आणि आम्ही त्या खऱ्या मानायचो. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, सीटवरून पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून चालवायची, आणि वळणावर जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' करायचं. आळीतला प्रत्येक किडकिडीत पोरगा त्या सुट्टीत स्वतःला बन्या समजत होता.

समजू शकत होता, कारण बन्या आमच्याच वयाचा होता. त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं, ओळखीचा साहेब नव्हता, खिशात पैसे नव्हते. मोठी माणसं त्याला 'लहान तोंडी मोठा घास' म्हणून उडवून लावू शकत होती, आणि तरी त्याला दिसलेलं खरं निघायचं. घरात कुणीच आपलं ऐकत नाही असं ज्याला वाटतं, त्या मुलाला हा केवढा आधार होता!

१९८७मध्ये दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे म्हणून पडद्यावर आला तेव्हा आम्ही भांडलो. आमच्या डोक्यातला फेणे याहून हडकुळा होता, केस याहून विस्कटलेले होते. पण चेहरा पोराचा होता. एपिसोड संपला की पुस्तक उघडता यायचं आणि तोच मुलगा त्यात भेटायचा.

नव्वदनंतरचं काय सांगू? केबल आली, वाचनालयातलं ते कपाट एक दिवस आतल्या खोलीत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं नाही. समितीला त्याची जागा संगणकासाठी हवी होती. पुस्तकांचं काय झालं, हे मी विचारलं तेव्हा कुणी धड उत्तर दिलं नाही.

मग २०१७चा सिनेमा. आदित्य सरपोतदारांनी तो नेटका केला, अमेय वाघ गुणी नट आहे, गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा अंगावर येतो. खुद्द भागवतांनाच दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने गोष्टीत आणलं, त्यामागचं प्रेमही मला दिसतं. पण बन्या इथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण आहे आणि शोधतोय परीक्षेतला घोटाळा. मोठ्या माणसाने गुन्हेगाराचा माग काढला तर त्यात नवल ते काय? आणि गोष्टीत मूल आहेच की: रस्त्यावरचा भूभू. शुभम मोरेने तो झकास केला आहे. पण तो नायकाच्या मदतीला! जी जागा मुलाच्या हक्काची, तिथे मोठा बसला आणि मुलाच्या वाट्याला हाताखालचं काम आलं.

मूळ गोष्टीला हातच लावू नये, असा माझा हट्ट नाही. भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो मराठी मुलांच्या जिभेला रुळेल अशा बेताने. पण व्हर्नची दूरच्या अज्ञात प्रदेशाची ओढ त्यांनी तशीच राखली, म्हणून तो मराठीतही व्हर्नच राहिला. फेणेचं वय ही तशीच राखायची गोष्ट होती.

लहान मुलाच्या खांद्यावर सिनेमा चालत नाही, हे कारण मला कुणी देऊ नये. २०१४ सालीच परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'त पंढरपूरच्या एका शाळकरी पोराने सिनेमा तोलून धरला होता, आणि तोही एका सायकलीसाठी! त्याच वर्षीच्या अविनाश अरुणच्या 'किल्ला'तही मुलंच होती. दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे मुलं होती, दिग्दर्शक होते, प्रेक्षकही होता. तेव्हा फेणेवर पुढचा सिनेमा कुणी काढणार असेल, तर त्याने आधी शाळांमध्ये जाऊन सातवी-आठवीतला मुलगा शोधावा आणि मग पटकथेला हात घालावा.