मूठ किती पिळल्यावर गाडी अडते?

“गाडी मिसिंग करतेय” एवढंच सांगून जुनी स्प्लेंडर गॅरेजात सोडली, की बहुतेक वेळा कार्बोरेटर उघडतात, धुतात आणि परत बसवतात. दुखणं कधी जातं, कधी तसंच राहतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला एकच वाट नसते. मूठ जेमतेम पिळली तर एक, अर्धी पिळली तर दुसरी, पूर्ण पिळली तर तिसरी. म्हणून पान्याला हात लावण्याआधी गाडी चालवून पाहावी आणि ती नेमकी कुठे अडते हे ध्यानात घ्यावं. माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच होते.

हिरो होंडाची 97.2 सीसीची स्प्लेंडर 1994 साली आली. 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या स्प्लेंडरमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या गाड्यांचा कार्बोरेटर मात्र घरच्या घरी समजून घेण्याइतका साधा आहे.

त्याच्या तळाशी पेट्रोलची वाटी असते. वाटीत फ्लोट तरंगतो आणि ती भरली की छोट्या सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक करतो तेच काम. इंजिन हवा ओढतं. ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. मूठ पिळली की केबल गळ्यातली स्लाइड वर उचलते. स्लाइडला लटकलेली निमुळती सुई वर सरकते, तशी तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोलही.

आता दुखण्याकडे येऊ. गाडी स्लोवर टिकत नसेल, सिग्नलला बंद पडत असेल, पण पळताना ठीक असेल, तर संशय स्लो जेटवर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर हेच भोक आधी बुजवतो. मधल्या वेगात धक्के बसत असतील तर सुई आणि तिची क्लिप पाहावी. पूर्ण मूठ पिळूनही गाडी ओढत नसेल तर मेन जेट तपासावा, पण त्याआधी एअर फिल्टर आणि टाकीच्या कॉकची जाळी. चोक ओढल्यावरच गाडी बरी चालते? मग पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.

जादा हवेचं लक्षण वेगळंही दिसतं: मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही. कार्बोरेटर इंजिनाला जोडतो तिथली रबरी रिंग कडक होते, चिरते. इंजिन स्लोवर ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे.

रेस अडकण्याचा दोष मात्र पुष्कळदा केबलचा असतो. इंजिन चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवावं. वळवताना रेस वाढली तर केबल ताणली जातेय. मुठीला 2 ते 6 मिलिमीटर ढील हवी. केबल आतून गंजली असेल तर तेल घालत बसू नये, बदलावी. अडकलेल्या रेसने माणूस जिवाला मुकू शकतो.

उघडायचं ठरलं तर इंजिन थंड हवं, जागा मोकळी हवी आणि जवळ दिवा, शेगडी, विडी काही नको. कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढावं. एअर स्क्रू सोडवण्याआधी हलक्या हाताने आत फिरवत किती आटे बसले ते मोजून लिहून ठेवावं. जोर लावला तर त्याचं टोक बिघडतं. फ्लोट आणि रबरी रिंगा काढून मगच कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा मारावी. जेटमध्ये तार घालायचा मोह कटाक्षाने टाळावा. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जादा पेट्रोल पिऊ लागते.

ओव्हरफ्लो पाइपातून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई पाहावी: टोकाला खाच पडली असेल तर बदलावी, कचरा असेल तर पुसावा. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. ठिबक बरेच दिवस असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नये.

जोडताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यावी आणि खाच बरोबर बसावी. उलट बसली तर गाडी सुरू होताच पूर्ण रेसवर जाईल. म्हणून किकआधी मूठ पिळून सोडावी. स्लाइड टक्‌कन खाली पडल्याचा आवाज आला पाहिजे.

मग गाडी थोडी फिरवून इंजिन गरम करावं. एअर स्क्रू लिहून ठेवलेल्या जागेपासून हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवावा आणि इंजिन जिथे सर्वांत वेगाने, न अडखळता चालतं तिथे सोडावा. वाढलेली रेस स्लोच्या स्क्रूने खाली आणावी. चार-पाच किलोमीटर चालवून प्लग काढावा: टोक तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी.