ऑफिसचं काम आणि थोडा गेम : घरच्या धंद्यासाठी कॉम्प्युटर घेताना पैसे कुठे घालायचे?



हॉलमध्ये टेबल टाकून धंदा सुरू करताय. बिलिंग, टॅली, जीएसटी रिटर्न सगळं घरूनच. आणि संध्याकाळी मुलाला (खरं सांगा, तुम्हालाही!) थोडा गेम खेळायचाय. दुकानदार म्हणतो, "सर, ग्राफिक्स कार्ड टाकूनच घ्या." थांबा! ते कार्ड तुमच्या भांडवलातून जाणार आहे. त्याच पैशात कच्चा माल येतो.

नवीन घेत असाल तर रायझन 5 5600जी सारखा प्रोसेसर बघा. ग्राफिक्स त्याच्या आतच असतं. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट सेटिंग कमी ठेवून नीट चालतात. फक्त एक करा : 16 जीबी रॅम एकाच पट्टीत घेऊ नका, 8-8 च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, दोन पट्ट्यांनी गेममध्ये स्पष्ट फरक पडतो. 2025 च्या शेवटापासून रॅम महागली आहे, त्यामुळे जुनं कोटेशन धरून बसू नका. हार्ड डिस्क नको, एसएसडीच घ्या.

बजेट त्याहून कमी आहे? मग कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा : डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. मशीन दणकट असतात, पण गफलत इथेच होते. "आय5 आहे" एवढं ऐकून पैसे देऊ नका. पुढचा नंबर वाचा. आय5-4590 म्हणजे चौथी पिढी, 6500 म्हणजे सहावी, 8500 म्हणजे आठवी. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलमध्ये विंडोज 11 साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. म्हणून सहावी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. ज्या मशीनवर बँकिंग करायचंय, तिथे सिक्युरिटी अपडेट नाही म्हणजे काय, विचार करा.

दुसरं, या कंपनी मशीनचा डबा बारीक असेल तर पुढे कार्ड टाकताना अडचण येते. पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि पॉवर सप्लायही कंपनीचा खास असतो. पुढे गेमिंग वाढवायचा विचार असेल तर मोठा टॉवरच घ्या.

पनवेलकरांचा ठरलेला प्रश्न : लॅमिंग्टन रोडला जाऊ का? भाव समजायला जरूर जा. पण हार्बरच्या गर्दीत कॅबिनेट घेऊन परत येणं आणि वॉरंटीसाठी पुन्हा सीएसएमटी गाठणं, त्यात धंद्याचा अख्खा दिवस जातो. माझं मत : नवे पार्ट तिथून आणले तरी चालतील, रिफर्बिश्ड मात्र पनवेलमध्येच, लेखी वॉरंटी आणि पक्क्या बिलासह घ्या.

बिलावरून आठवलं. कॉम्प्युटरवर 18% जीएसटी आहे. मूळ किंमत 40,000 असेल तर 7,200 रुपये टॅक्स. तुमचं रेग्युलर रजिस्ट्रेशन असेल आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर धंद्याच्या वापरापुरतं क्रेडिट मिळतं. घरच्या वापराचा वाटा वगळावा लागतो. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही. इन्कम टॅक्समध्ये घसारा 40%, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरणाऱ्यांना हा घसारा वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएला एकदा विचारा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मुलाने फुकटचा क्रॅक गेम टाकला, त्यातून व्हायरस आला आणि 19 तारखेला टॅलीचा डेटा उघडेना. 20 तारीख 3बी ची! म्हणून पहिल्याच दिवशी विंडोजमध्ये दोन वेगळी अकाउंट काढा. मुलाच्या अकाउंटला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, पासवर्डही सांगू नका. टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि घेतला की ड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवलेल्या ड्राइव्हलाही व्हायरस लागतो.

आणि हो, कार्डाचे जे पैसे वाचले, त्यातून आधी यूपीएस घ्या. पनवेलचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. लाइट गेल्यावर एंट्री सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळाली तरी पुरतात.