कोकणातील बेने इस्रायली सिनेगॉग

अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण, ठाणे इत्यादी गावांत बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकात प्रार्थनामंदिरे उभारली. त्यांना कोकणातील बेने इस्रायली सिनेगॉग म्हणून ओळखले जाते. १९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये स्थायिक झाला. त्यामुळे या वास्तूंचा वापर व जतन हे दोन्ही प्रश्न निर्माण झाले.

इतिहास

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले. तेलाचा घाणा हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शब्बाथमुळे शनिवारी घाणा बंद राहत असल्याने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. शतकानुशतके त्यांची स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हती. धार्मिक विधी घरीच होत.

१७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर (समाजातील नाव सामाजी हसाजी) यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, ‘शारे हरहमीम’, स्थापन केले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, अशी कथा आहे. स्थानिक लोक या वास्तूलाही ‘मशीद’ म्हणत आणि मशीद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच आले, असे सांगितले जाते. पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) व ठाणे (१८७९) येथे सिनेगॉग उभे राहिले. अलिबागच्या ‘मागेन अबोत’ची सध्याची इमारत १९१० मधील असून ती ज्या वस्तीत आहे, तिला इस्रायल आळी म्हणतात.

रचना

जेरुसलेम भारताच्या पश्चिमेस असल्यामुळे तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे ‘हेखाल’ पश्चिमेच्या भिंतीत असते. मध्यभागी ‘तेबा’ हा कठडा असलेला उंच चौथरा असतो. प्रार्थना त्यावरून म्हटली जाते. स्त्रियांसाठी सज्जा आणि एलियाहू हनावी या संदेष्ट्यासाठी राखलेली खुर्चीही आढळते.

जतन

सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती, म्हणजे ‘मिन्यान’, आवश्यक असते. लहान गावांत नेमकी हीच संख्या जमेनाशी झाली. इमारत धड असूनही प्रार्थना थांबते, ती या कारणाने. दारे बंद राहिली की कोकणातील पावसात कौले, वासे आणि चुन्याचा गिलावा यांची झीज लक्षात येण्यास विलंब होतो. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापल्यास ओल आत कोंडते. म्हणजे सदिच्छेने केलेली डागडुजीही अपायकारक ठरू शकते.

शास्त्रशुद्ध जीर्णोद्धाराचे जवळचे उदाहरण मुंबईच्या फोर्ट भागात आहे. तेथील ‘केनेसेथ एलियाहू’ (१८८४) हे सिनेगॉग मात्र बगदादी ज्यू ससून घराण्याने बांधलेले आहे. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामानंतर ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले व त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. तितका निधी खेड्यातील वास्तूंच्या वाट्यास येणे अवघड आहे. केरळमधील चेंदमंगलम व परवूर येथे वेगळा मार्ग निवडला गेला: उपासक न उरलेल्या सिनेगॉगची दुरुस्ती करून तेथे संग्रहालये करण्यात आली.

अलिबागचे सिनेगॉग मात्र संग्रहालय झालेले नाही. मुंबई-ठाण्याची व इस्रायलमध्ये गेलेली कुटुंबे तेथे येतात आणि अनेकदा जवळच्या सागाव येथील, एलियाहू हनावीच्या रथाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकाजवळ ‘मलिदा’ विधी करून परततात.