समासातील टिपण आणि वाचनयंत्र

जुन्या पोथीच्या पानावर मजकुराच्या बाजूला जी कोरी जागा सोडीत, तिला आपण समास म्हणतो. लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर गळले, तर ओळीत काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. या वहिवाटीचे मर्म असे की, दुरुस्तीच्या अक्षराइतकीच तिच्या जागेलाही किंमत आहे. ई-रीडर, म्हणजे आजचे वाचनयंत्र, हाती घेऊन एखादा मसुदा किंवा प्रबंध तपासू पाहणाराने प्रथम हेच ध्यानी धरावे, असे आम्हांस वाटते.

या यंत्राचा पडदा दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखा स्वतः उजळून चित्र दाखवीत नाही. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असून प्रत्येकीत पातळ द्रव आणि पांढरे व काळे कण असतात. दोन्ही कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब बदलला की एका जातीचे कण वर येतात व दुसरे तळाशी जातात. आणि वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. म्हणून अक्षर कागदावरील शाईसारखे स्थिर दिसते. अशा शाईचे पहिले वाचनयंत्र २००४ साली जपानात सोनी कंपनीने विकावयास काढले.

परंतु ज्या गुणाने डोळ्यांना सुख होते, त्याच गुणाने हाताची अडचण होते. कण द्रवातून सरकण्यास वेळ लागतो. त्यामुळे परिच्छेद उचलून दुसरीकडे नेणे, वाक्य खोडून नव्याने टंकणे, अशा कामांत पडदा मागे पडतो. तेव्हा संपादनाचे दोन भाग करावेत: दोष हेरणे आणि दोष काढणे. पहिले काम वाचनयंत्रावर करावे, दुसरे संगणकावर.

दोष हेरताना मसुदा कोणत्या स्वरूपात आहे, हे पाहिले पाहिजे. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे पक्के असते. तेथे लेखणीने केलेली खूण जागची हलत नाही. ईपबमध्ये मात्र अक्षर मोठे केले की ओळी नव्याने पडतात, आणि समासात हाताने लिहिलेले शब्द कोणत्या ओळीचे, हा प्रश्न उभा राहतो. २०२२ साली लेखणीसह किंडल स्क्राइब निघाले, तेव्हा त्यातील पुस्तकांवर थेट लिहिता येत नव्हते, वेगळी चिठ्ठी जोडावी लागे. पीडीएफवर मात्र लिहिता येई. म्हणून मसुदा रुंद समास सोडून पीडीएफमध्ये घ्यावा, हे बरे.

मराठी लिहिणारांस आणखी एक सावधगिरी हवी. युनिकोडपूर्व टंकांत टंकलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, पण आत संकेत वेगळेच असतात. असे वाक्य अधोरेखित करून टिपणवहीत उतरविले, तर हाती निरर्थक चिन्हे येतात. तपासणीपूर्वीच मजकूर युनिकोडमध्ये करून घेणे, हाच उपाय.

आता मुख्य गोष्ट. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्काच्या वादावरून ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. अमेरिकेतील एका शाळकरी विद्यार्थ्याने तीवर अभ्यासाची टिपणे केली होती. टिपणे राहिली, पण ज्या ओळींवर ती होती त्या ओळीच गेल्यामुळे ती निरुपयोगी ठरली. प्रकरण न्यायालयात गेले व त्याच वर्षी तडजोडीने मिटले. काकपद गेल्यावर समासातील अक्षराचे जे होईल, तेच येथे झाले.

यावरून आपण एवढे शिकावे: तपासणी संपताच टिपणांसह पूर्ण मसुदा यंत्राबाहेर काढावा, नावात तारीख घालून आपल्या संगणकावर ठेवावा, आणि त्याची एक प्रत अन्यत्रही असू द्यावी. नुसत्या टिपणांची यादी जपून भागत नाही. विचार आपला असला, तरी तो ज्या ओळीवर सुचला ती ओळही आपल्या ताब्यात असावी लागते.